नोबच्या दारातलं एक वाक्य

लहान चुकांनी ख्रिस्ती जीवनाची किती मोठी हानी होते, हा विषय आमच्या शनिवारच्या बायबल अभ्यासात निघाला तेव्हा बहुतेकांनी दावीद आणि बथशेबेचं नाव घेतलं. मी थांबवलं. तिथं व्यभिचार आहे, खून आहे. ती चूक लहान कधी नव्हतीच. त्याच दावीदाच्या आयुष्यात, तो गादीवर बसण्याच्या कितीतरी आधी, एक वाक्य आहे. आपल्यापैकी कुणीही दारात उभं राहून सहज बोलून जाईल असं. त्या वाक्यामागून एक अख्खं गाव संपलं. पहिल्या शमुवेलाचे २१ आणि २२ हे ते अध्याय. यातली समर्पित भाकर मंडळीत सगळ्यांना ठाऊक असते, कारण प्रभू येशूने शब्बाथाच्या वादात तिचा उल्लेख केला आहे. ती भाकर देणाऱ्या माणसाचं पुढे काय झालं, ते मात्र फार थोडे जण वाचतात.

काय घडलं

शौल राजाचं मन दावीदावरून पार उडालं होतं. भाला फेकून झाला, घरावर पहारा बसवून झाला. शौलाची मुलगी मीखल हिने नवऱ्याला, म्हणजे दावीदाला, खिडकीतून खाली सोडलं, अंथरुणात मूर्ती निजवली आणि ‘तो आजारी आहे’ म्हणून सांगितलं. पुढे चंद्रदर्शनाच्या मेजवानीला दावीद जागेवर दिसला नाही. त्याने शौलाचा मुलगा योनाथान याला आधीच सांगून ठेवलं होतं, की राजाने विचारलं तर बेथलेहेमात घरचा वार्षिक यज्ञ आहे म्हणून गेला असं सांग. प्रत्यक्षात तो शेतात लपला होता. योनाथानाने निरोप दिला आणि शौलाने पोटच्या पोरावर भाला फेकला.

हे मागचं मी मुद्दाम सांगतोय. बनावट निरोपाचा मार निरोप्याला बसतो, हे नोबच्या आधी थोडेच दिवस घडून गेलं होतं.

योनाथानाचा निरोप घेऊन दावीद नोबला आला. हे याजकांचं गाव, यरुशलेमेपासून इतकं जवळ की यशयाच्या १०व्या अध्यायात चाल करून आलेला शत्रू नोबला थांबतो आणि सियोनेच्या डोंगराकडे हात उगारतो. शिलो इथल्या जुन्या उपासनास्थळाचे दिवस संपल्यावर तिथला याजक एली याच्या वंशातले याजक इथं सेवा करत होते. त्यांचा प्रमुख अहीमलेख, एलीचा पणतू.

तो दावीदाला सामोरा आला तो कापतच. त्याचा पहिला प्रश्न साधा होता: तू एकटा कसा? तुझ्याबरोबर कुणी कसं नाही?

राजाचा जावई, राजाच्या अंगरक्षकांचा नायक, आणि असा एकटा, धुळीने माखलेला, हातात शस्त्र नाही. म्हातारा समोर उभा राहून बघतो आहे. (म्हातारा हा माझा शब्द; शास्त्रात त्याचं वय दिलेलं नाही, पण हाताशी आलेला मुलगा आहे एवढं कळतं.) या क्षणी दोन वाटा होत्या. ‘राजा माझ्या जिवावर उठलाय, मी पळतोय, दोन घास दे’ ही एक. दावीदाने दुसरी धरली. म्हणाला, राजाने मला एका कामावर पाठवलं आहे आणि ते कुणाला कळू द्यायचं नाही अशी आज्ञा आहे. मग लगेच, तुझ्या हाताशी काय आहे? पाच भाकरी दे, नाहीतर जे असेल ते दे.

साधी भाकर नव्हती. परमेश्वरासमोरून नुकतीच उचललेली समर्पित भाकर होती. लेवीयाच्या २४व्या अध्यायाप्रमाणे अशा बारा भाकरी, सहा-सहाच्या दोन रांगांत, दर शब्बाथाला बदलायच्या आणि उतरवलेल्या फक्त याजकांनी खायच्या. अहीमलेखाने दावीदाने बरोबरची म्हणून सांगितलेली माणसं शुद्ध आहेत का एवढं विचारलं आणि त्या दिल्या. नंतर दावीदाने भाला किंवा तलवार मागितली आणि कारण दिलं, की राजाचं काम तातडीचं म्हणून माझी शस्त्रंही घेता आली नाहीत. एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं आलं, ते असं. एफोदाच्या, म्हणजे याजकाच्या पवित्र वस्त्राच्या, मागे कापडात गुंडाळून ठेवलेली गल्याथाची तलवार होती, दावीदानेच मारलेल्या त्या गल्याथाची. ‘तिच्यासारखी दुसरी नाही, तीच दे,’ म्हणून ती घेऊन तो गेला. गेला तोही गथला, गल्याथाच्याच गावी.

आणि या सगळ्याच्या मधोमध, भाकरी आणि तलवार यांच्या बरोबर मध्ये, २१व्या अध्यायाचं ७वं वचन आहे. त्या दिवशी शौलाच्या सेवकांपैकी एक माणूस तिथं परमेश्वरासमोर अडकून राहिला होता. दवेग अदोमी, शौलाच्या गुराख्यांचा मुख्य. लेखक एवढंच सांगतो आणि पुढे जातो.

२२व्या अध्यायात शौल गिब्यात झाडाखाली भाला हातात घेऊन बसला आहे आणि आपल्याच माणसांवर चिडतो आहे, की तुम्ही सगळे फितूर, मला कुणी काही सांगत नाही. तेव्हा दवेग बोलतो. इशायाचा मुलगा, म्हणजे दावीद, नोबला आला, अहीमलेखाने त्याच्यासाठी परमेश्वराला विचारलं, शिधा दिला, गल्याथाची तलवार दिली. भाकर दिली, तलवार दिली, सगळं खरंच होतं. पण अहीमलेख राजाच्याच कामाला मदत करतो आहे अशा समजुतीत होता, हे त्या सांगण्यात कुठंच नव्हतं.

याजकांना बोलावणं गेलं. अहीमलेखाने दिलेलं उत्तर मी कितीतरी वेळा वाचलं असेल, आणि दरवेळी माझा घसा दाटून येतो. तो म्हणतो, महाराज, तुमच्या सगळ्या सेवकांत दावीदासारखा विश्वासू कोण आहे? तो तुमचा जावई, तुमच्या घरात मान असलेला. त्याच्यासाठी देवाला मी आजच विचारू लागलो का? तुमच्या या दासाला यातलं कमी-जास्त काही ठाऊक नव्हतं.

तो अक्षर न् अक्षर खरं बोलत होता. दावीदाला विश्वासू म्हणत होता, आणि ज्या विश्वासावर तो उभा होता तो दावीदानेच पोकळ करून ठेवला होता. शौलाच्या शिपायांनी परमेश्वराच्या याजकांवर हात टाकायला नकार दिला. दवेगाने तो टाकला. एका दिवसात एफोद घालणारे ८५ जण मारले गेले. नंतर नोब गाव: पुरुष, बायका, मुलं, तान्ही बाळं, बैल, गाढवं, मेंढरं. ज्या शौलाने शत्रू अमालेकाची चांगली मेंढरं राखून ठेवली होती, त्यानेच याजकांची मेंढरंसुद्धा सोडली नाहीत. अहीमलेखाचा एक मुलगा, अब्याथार, तेवढा निसटला.

चूक नेमकी कुठे

अभ्यासात पहिला आक्षेप आला तो रास्त होता. खुनी शौल आहे, तलवार दवेगाची आहे. उपाशी, पळत्या माणसाला कशाला धरायचं? एका ताईंनी तर विचारलं की दावीदाने खरं सांगितलं असतं तरी शौलाने हेच केलं नसतं का?

कदाचित केलंही असतं. खुनाचा दोष खुन्याचाच, यात मला शंका नाही. पण प्रश्न असा आहे की अहीमलेखाला काय मिळायला हवं होतं जे मिळालं नाही. त्याला ठरवायची संधी मिळायला हवी होती. आपल्या दारात कोण उभं आहे, आपण काय अंगावर घेतो आहोत, हे कळल्यावर तो भाकर द्यायची की नाही ते ठरवू शकला असता. दिली असती तर डोळे उघडे ठेवून दिली असती. दवेग आसपास आहे म्हटल्यावर त्याने दार लावून घेतलं असतं, दावीदाला रात्री बोलावलं असतं, मुलाबाळांना कुठं हलवलं असतं. यातलं काहीच तो करू शकला नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो दिवस नेहमीसारखाच होता. खोटं ऐकणाऱ्याचा सावधपणाच काढून घेतला जातो. बोलणाऱ्याला हे दिसत नाही. त्याला फक्त आपली अडचण निभावलेली दिसते.

काही जण म्हणतात, दावीदाने अहीमलेखाला वाचवायलाच खोटं सांगितलं, म्हणजे उद्या त्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येईल. असेलही. तसं असेल तर ते ढाल म्हणून काडीचंही उपयोगी पडलं नाही. अहीमलेखाने नेमकं तेच सांगितलं, आणि कुणी विश्वास ठेवला नाही.

आपल्याकडे ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटलं की पुढची गोष्ट सांगावी लागत नाही. जमिनीला न टेकता चालणारा धर्मराजाचा रथ त्या अर्ध्या वाक्याने खाली आला. पण तिथं फळ बोलणाऱ्याला मिळालं. नोबमध्ये बोलणारा सुखरूप निघून गेला आणि ऐकणारा मेला, आणि मला वाटतं आपल्या बारीकसारीक खोट्यांचं बहुधा असंच होतं. म्हणूनच ती आपल्याला बारीक वाटत राहतात.

मात्र माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक ते वाक्य नाही. ती २२व्या अध्यायाच्या २२व्या वचनात आहे, आणि ती दावीद स्वतःच सांगतो. अब्याथार रक्ताने माखलेली बातमी घेऊन आला तेव्हा दावीद म्हणाला, दवेग अदोमी त्या दिवशी तिथं होता तेव्हाच मी जाणलं होतं की तो शौलाला नक्की सांगणार.

म्हणजे त्याने पाहिलं होतं. मनात पाल चुकचुकली होती. आणि तो गप्प राहिला.

आता मधल्या वेळात काय झालं ते बघा. तो गथला गेला, तिथं वेड्याचं सोंग घेऊन सुटला, अदुल्लामच्या गुहेत आला, चारशे माणसं त्याच्याभोवती जमली. आणि तिथून त्याने एक काम अगदी जबाबदारीने केलं: आपल्या आईवडिलांना मवाबात नेऊन मवाबाच्या राजाच्या हवाली केलं, म्हणजे शौलाचा राग त्यांच्यावर निघणार नाही. शौल सूड कुणावर काढेल याचा विचार त्याला सुचत होता. हाताशी चारशे माणसं होती. त्यातला एक जण नोबला धाडून ‘मी तुला खोटं सांगितलं, जपून राहा’ एवढा निरोप द्यायचा होता. मवाबापर्यंत पायपीट झाली, नोबला एक माणूस गेला नाही.

का गेला नसेल? मला एकच कारण दिसतं, कारण ते मी स्वतः भोगलं आहे. निरोप पाठवायचा म्हणजे आधी ‘मी खोटं बोललो’ हे कबूल करायचं. खोटं बोलायला एक क्षण लागतो; ते परत घ्यायला जावं तर प्रत्येक दिवसागणिक ते जड होत जातं. चूक होती तेवढीच राहते, लाज वाढत जाते.

माझ्या हातचं एक पत्र

काही वर्षांपूर्वी मी आमच्या मंडळीचा चिटणीस होतो. एक तरुण जोडपं आमच्याकडे नव्याने येऊ लागलं होतं. भली माणसं. त्यांच्या मुलाला एका शाळेत ख्रिस्ती कोट्यातून प्रवेश हवा होता आणि शाळेला पत्र लागत होतं: कुटुंब किमान तीन वर्षं मंडळीचं सभासद आहे असं. त्यांना येऊन आठ महिने झाले होते. दोघं माझ्या घरी आले, चहा झाला, मुलगा माझ्या नातवाबरोबर अंगणात खेळत होता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मंडळीच्या लेटरहेडवर ‘गेली तीन वर्षे’ लिहिलं. शिक्का मारला. पाळकांपुढे सहीला ठेवलं तेव्हा ते उपासनेच्या गडबडीत होते. त्यांनी विचारलं, ‘सगळं बरोबर आहे ना, दादा?’ मी ‘हो’ म्हणालो. त्यांनी वाचलंसुद्धा नाही. माझ्यावर विश्वास होता.

प्रवेश झाला. मी मनाशी म्हटलं, एका लेकराचं भलं झालं, कुणाचं काय गेलं?

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका कारणाने शाळेने आमची नोंदवही मागवली आणि तारखा जुळल्या नाहीत. पत्रावर सही पाळकांची होती. बोलावणं त्यांना गेलं. त्यांनी तिथं सांगितलं की मला याची कल्पना नव्हती, आणि ते खरं होतं, आणि समोरच्यांनी मान हलवली, जशी अशा वेळी हलवतात. त्यानंतर आमच्या मंडळीच्या पत्रावर त्या शाळेत प्रवेश मिळेना. त्याच जूनमध्ये आमच्या एका विधवा भगिनीच्या मुलीचा अर्ज परत आला. ती मुलगी जन्मापासून आमच्यात होती. तिचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी मी पाण्याचं भांडं धरून उभा होतो.

मी पाळकांना खरं सांगितलं, पण ते अर्ज परत आल्यानंतर. शाळेचं बोलावणं आलं त्याच संध्याकाळी मला सगळं कळलं होतं. मधले तीन आठवडे मी त्यांच्याबरोबर तीन उपासनांना पुढच्या बाकावर बसलो. त्या तीन आठवड्यांबद्दल मला आजही स्वतःला माफ करायला जड जातं; पत्राबद्दल त्यामानाने कमी. म्हणूनच ‘मी तेव्हाच जाणलं होतं’ हे दावीदाचं वाक्य वाचताना माझं बोट त्या ओळीवर थांबतं.

सवय कुठवर जाते

नोब हे दावीदासाठी एकदाचं प्रकरण राहिलं नाही. १ शमुवेल २७ वाचा. आता तो गथचा राजा आखीश याच्या आश्रयाने सिकलागला राहतो आहे, एक वर्ष चार महिने. छापे घालतो एका मुलखात आणि आखीशाला सांगतो दुसऱ्याच मुलखाचं नाव. आणि हे बाहेर फुटू नये म्हणून त्या गावांतल्या बायका-पुरुषांपैकी कुणालाच जिवंत ठेवत नाही. असं तिथं स्पष्ट लिहिलं आहे. नोबला त्याच्या खोट्यामुळे दुसऱ्याने माणसं मारली. इथं खोटं झाकायला तो स्वतः मारतो. त्यापुढे बथशेबेचा नवरा उरीया याच्या हाती दिलेलं, त्याच्याच मरणाचं पत्र आहे, तेही एका भाबड्या, विश्वासू माणसाच्याच हाती. बथशेबेपासून मागे मागे येत गेलं तर आपण नोबच्या दाराशी येतो असं मी म्हणालो, तेव्हा अभ्यासात कुणी काही बोललं नाही.

प्रभू येशूने या प्रसंगाचा दाखला दिला म्हणून दावीदाचं खोटंही चाललं असं कुणी समजू नये. प्रभूने उचललं ते भुकेल्याला भाकर मिळणं. विधीपेक्षा दया मोठी, हे त्या दिवशी ज्याने कृतीने दाखवलं तो अहीमलेख. संपूर्ण प्रसंगातलं सर्वांत सुंदर काम त्याच्या हातून झालं, आणि नेमकं तेच काम त्याच्यावर आरोप म्हणून ठेवलं गेलं.

३४वं स्तोत्र आपण प्रभुभोजनाच्या वेळी किती प्रेमाने वाचतो: अनुभव घेऊन पाहा, परमेश्वर किती चांगला आहे. त्याच्या शीर्षकात ते केव्हाचं आहे ते दिलं आहे, दावीदाने वेड्याचं सोंग घेतलं आणि त्याला हाकलून लावलं तेव्हाचं. म्हणजे नोबनंतरच्या दिवसांचं. त्याच स्तोत्रात १३व्या वचनात तो मुलांना जवळ बसवून शिकवतो, की आपली जीभ वाइटापासून आणि आपले ओठ कपटी बोलण्यापासून आवर. इतकी वर्षं मी ते वचन रविवारच्या शाळेत पाठ करून घेतलं. ते शीर्षकासह वाचायला हवं होतं.

त्यानंतर दावीदाने काय केलं

अब्याथार बातमी घेऊन आला तेव्हा दावीदाला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. शौल वेडा झालाय. दवेग नीच आहे. मी उपाशी होतो. प्रत्येक गोष्ट खरी होती. तो त्यातलं एकही बोलला नाही. म्हणाला, तुझ्या बापाच्या घराण्यातल्या सगळ्यांच्या मरणाला मी कारण झालो. त्याने वाक्यात ‘पण’ घातला नाही. मग पुढचं: माझ्याजवळ राहा, भिऊ नको; जो तुझ्या जिवावर उठला आहे तो माझ्याही जिवावर उठला आहे; माझ्याजवळ तू सुरक्षित राहशील.

ज्याचं घर आपल्यामुळे बुडालं त्याला डोळ्यांसमोर ठेवणं सोपं नसतं. बहुतेक जण अशा माणसाची वाट टाळतात. मीही त्या विधवा भगिनीसमोरून जाताना कित्येक महिने पलीकडच्या बाजूने जायचो, आणि शेवटी एका रविवारी तिनेच मला हाक मारली.

अब्याथार येताना हातात एफोद घेऊन आला होता. नोबमधून वाचलेली वस्तू. त्यानंतर देवाला काही विचारायचं झालं की दावीदाला त्यालाच बोलवावं लागायचं. कईला गावात असताना शौल चालून येतो आहे असं कळलं तेव्हा, आणि सिकलाग जळालं, बायकापोरं धरून नेली, स्वतःचीच माणसं दगडमार करायच्या गोष्टी बोलू लागली तेव्हाही. दोन्ही वेळा शास्त्रात तोच शब्द आहे. दावीद अहीमलेखाच्या मुलाकडे वळतो आणि म्हणतो: एफोद इकडे आण.